परब सिस्टर आणि न जेवणारी मेट्रन

परब सिस्टर गेल्या त्या आठवड्यात त्यांच्या घरी लोक भेटायला येत होते. त्यांचा भाचा संदेश दारात उभा राहून सगळ्यांना आत घेत होता. चपला काढता काढताच माणसं मान वाकडी करून हॉलचा डावा कोपरा बघून घेत. तिथं आता काही नव्हतं. फरशीवर फक्त एक लांबट चौकोन जरा उजळ राहिला होता, वर्षानुवर्षं एका जागी असलेलं कपाट हलवल्यावर राहतो तसा.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकर आले, फोटोला हात जोडून झाले, खुर्चीत टेकले, पाण्याचा ग्लास अर्धा पिऊन खाली ठेवला आणि आवाज उतरवून संदेशला म्हणाले, "आणि ते... ते कुठं आहे आता?"

"समोर," संदेश म्हणाला. "काकांकडे."

काका म्हणजे मी. सिस्टरच्या समोरच्या दारात राहणारा. जोगळेकर माझ्याकडे वळले. मी या इमारतीत राहायला आल्यापासून सोसायटीच्या एकाही सभेत तोंड उघडलेलं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"तात्पुरतं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "कायमचं."

त्यांनी ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. एवढं उत्तर देता यावं म्हणून मला सिस्टरच्या शेजारात आयुष्याचा बराच भाग काढावा लागला होता.

शेवंती परब हे त्यांचं नाव मतदारयादीत होतं. बाकी सगळीकडे त्या सिस्टर. बोरीवलीत, नॅशनल पार्कच्या बाजूला जिथं रस्ता चढायला लागतो तिथं आमची इमारत आहे. तिच्यातल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन त्यांनीच दिलेलं. सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर पांढरी साडी त्यांनी सोडली, पण छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ सोडलं नाही. सुती साडी कुठलीही असो, निळी, जांभळी, फुलाफुलांची, डाव्या खांद्याखाली ते घड्याळ लटकलेलं असे. कुणी बोलायला लागलं की त्या हनुवटी खाली करून त्यात बघत. समोरच्याला वाटे, यांना घाई आहे. घाई कसलीच नसे. समोरच्याचा श्वास मोजायची ती सवय होती.

माणसांची चौकशी त्या पोटापासून सुरू करत. लिफ्टमध्ये जोगळेकर भेटले तरी "काय जोगळेकर, पोट साफ आहे ना?" आणि तेही लिफ्टमध्ये आणखी चार माणसं असताना. मला त्या 'वाचनालय' म्हणत, कारण मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. "काय रे वाचनालय, जेवलास?" हा आमच्यातला रोजचा संवाद. मी हो म्हणालो तर "काय?" आणि नाही म्हणालो तर दार बंद व्हायच्या आत माझ्या हातात डबा. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणत, "ड्युटी बदलायला कोण आलंच नाही, मग घरी कशी जाणार?" आणि हसत. माझ्या लग्नाचं त्यांनी कधीच विचारलं नाही. याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे.

त्यांच्या घराला एक वास होता. ते तपकिरी जंतुनाशक असतं ना, पाण्यात थेंब पडला की पाणी दुधासारखं होतं, त्याचा. फरशी त्यानं पुसली जाई, दाराच्या कड्या त्यानं पुसल्या जात, बाहेरून आलं की हात कोपरापर्यंत त्याच पाण्यात. त्यांच्याकडच्या चहालाही मागून कुठूनतरी तो वास येतोय असं मला वाटे. मला तो आवडायचा. आजही कुठल्या दवाखान्यात शिरलो की पहिल्यांदा मला आजार आठवत नाही, सिस्टरचा चहा आठवतो.

अशा घरात एक दिवस संदेश प्लॅस्टिकचं मोठं खोकं घेऊन आला.

त्यानं दुकानातून एक अजगराचं पिल्लू विकत घेतलं होतं. आपल्याकडचा अजगर नव्हे, तो पाळता येत नाही. हे परदेशी जातीचं, मोठं होऊन होऊन चारेक फुटांचं होणारं, बिनविषारी. घाबरलं की डोकं मध्ये घालून स्वतःचा चेंडू करून बसणारं. सरकारदरबारी त्याची रीतसर नोंद केलेली होती. संदेशच्या बायकोनं मात्र ते घरात आल्याच्या संध्याकाळी बॅग भरायला घेतली. बॅग तिची होती.

"आत्या, दोन दिवस ठेव फक्त," संदेश म्हणाला. "दुकानवाला परत घेतो म्हणालाय. तसंही खात नाहीये. आणल्यापासून एक घास नाही."

सिस्टरनी झाकण उचललं. आत लाकडाच्या भुशावर मूठभर, तपकिरी-काळ्या ठिपक्यांचा एक गोळा होता. डोकं दिसतच नव्हतं.

"परत घेऊन काय करणार तो?"

"दुसऱ्याला विकणार. नाहीतर... काय माहीत."

"खात नाही म्हणून परत?" सिस्टरनी झाकण हळू खाली ठेवलं. "मग माझा अख्खा वॉर्ड परत पाठवायला पाहिजे होता. ठेव ते तिथं. आणि तू जा घरी, बायकोची बॅग उतरव."

दोन दिवसांचा विषय तिथंच संपला.

त्या पिल्लाला त्यांनी नाव दिलं नाही. 'पेशंट' म्हणत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे नाजूक मुलं यायची ना, त्यांच्या आया नाव ठेवायच्या नाहीत. बाळ दूध ओढायला लागलं की मग नाव. हिनं आधी खाऊ दे." ती मादी आहे हे संदेशनं सांगितलं होतं. त्यामुळे त्या घरात ती 'ती' झाली.

पहिले काही दिवस सिस्टरनी वॉर्डाच्या शिस्तीनं काढले. सकाळी राउंड. झाकण उघडून, "काय गं बाई, उठलीस?" दुपारी पाणी. संध्याकाळी पुन्हा राउंड. खोक्याच्या एका बाजूखाली उबेची गादी, कोपऱ्यात थर्मामीटर. पेशंट दर वेळी आणखी घट्ट चेंडू होई. मग संदेशनं पाठवलेले व्हिडिओ त्यांनी नीट बघितले आणि स्वतःवरच चिडल्या. "नवीन आलेल्या जीवाला आठवडाभर हातसुद्धा लावायचा नाही म्हणतात. आणि मी काय करतेय? तासातासाला नाडी बघतेय." त्याच दिवशी राउंड बंद झाले. खोक्यावर जुनी चादर पडली. आत एक लहान मडकं, तोंड फोडून पालथं ठेवलेलं, तिला लपायला. भेटीला येणाऱ्यांना हॉलमध्ये हळू बोलायची ताकीद. आमच्या इमारतीतल्या लोकांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

खाणं म्हणजे उंदराचं पिल्लू. ते मेलेलं, गोठवलेलं, पाकिटातून मिळतं. त्यासाठी त्यांनी फ्रीजचा वरचा कप्पा रिकामा केला. आठवड्यातून एकदा ते बाहेर काढायचं, कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकं गरम करायचं, कोरडं करून लांब चिमट्यानं मडक्याच्या तोंडाशी धरायचं. सिस्टर हे सगळं ऑपरेशनच्या तयारीनं करत. चिमटा उकळलेला, हात धुतलेले, टेबल पुसलेलं. ती डोकं बाहेर काढे, जीभ एकदा हलवी आणि आत जाई. दर वेळी हेच.

मुलुंडहून त्यांचा भाऊ, संदेशचे वडील बाबल, रविवारी जेवायला येत. एकदा त्यांनी स्वतःच मासे काढायला म्हणून फ्रीज उघडला आणि स्वयंपाकघरातून मालवणीत ओरड ऐकू आली.

"शेवंते! गो ह्या काय? फ्रीजात उंदीर?"

"वरच्या कप्प्याक हात लावू नको," सिस्टर बाहेरूनच म्हणाल्या. "तो पेशंटचो. बोंबील खाली हत."

"तुका येड लागला काय गो? घरात साप पोसतंस! ल्हानपणी किरडू दिसला काय आपली आये काठी घेवन धावायची, इसारलंस?"

"धावायची. पण मारूक नाय, भायर काढूक. तू माळ्यार चढान बसायचंस, तुका काय दिसतला!"

बाबल जेवले, पण बोंबलाचा प्रत्येक तुकडा उलटसुलट करून बघून. जाताना मला जिन्यात धरून म्हणाले, "तुम्ही शिकलेले ना? सांगा की तिला काहीतरी." मी मान हलवली. त्या मानेचा कुठलाही अर्थ होऊ शकत होता.

नागपंचमीला दोन घरांतून दुधाच्या वाट्या आल्या. सिस्टरनी त्या दुधाचं दही लावलं.

मग सोसायटीची सभा झाली. खाली पार्किंगमध्ये, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. जोगळेकरांनी पाण्याची टाकी, रंगकाम वगैरे उरकलं आणि घसा साफ केला. "आता एक नाजूक विषय. परब सिस्टर, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे, पण सोसायटीत साप ठेवता येणार नाही."

"कुठल्या नियमात लिहिलंय?"

"नियमात कशाला लिहितील? असं कुणी करेल असं वाटलंच नसेल त्यांना."

लोक हसले. सिस्टरही हसल्या. मग उभ्या राहिल्या. "माझा पेशंट भुंकत नाही. लिफ्टमध्ये कुणाला चाटत नाही. तुमच्या कुत्र्यासारखा कोपऱ्यावर पाय वर करत नाही. जोगळेकर, तुमच्या कुत्र्यासारखा म्हणतेय, तुमच्यासारखा नाही."

"पण लोकांना भीती वाटते, सिस्टर!"

"मागच्या भिंतीवर बिबळ्या येऊन बसतो, अख्खी बिल्डिंग गॅलरीत येऊन त्याचे फोटो काढते. त्याला नोटीस लावलीत का? लावा ना. बघू घेतो का सही करून."

हशा झाला, आणि सभा त्यांच्या बाजूला कललीय असं मला वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कशाला भांडताय यार? ते खातच नाहीये म्हणे. मरेल असंही आठ दिवसांत."

सिस्टरनी हनुवटी खाली केली. घड्याळाकडे हात गेला.

"मरणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि ऐका सगळे. तिनं खाल्लं नाही तर मी स्वतः तिला जिथनं आली तिथं सोडून येईन, तुम्ही सांगायची गरज नाही. पण खाल्लं, तर ह्या विषयावर ह्या खुर्च्यांवर बसून परत कुणी तोंड उघडायचं नाही. जोगळेकर, चालेल?"

जोगळेकर म्हणाले चालेल. त्यांना वाटलं असणार, आपण स्वस्तात सुटलो.

त्यानंतर रोज कुणी ना कुणी विचारी, "खाल्लं का?" वॉचमन, दूधवाला, पहिल्या मजल्यावरच्या आजी. काही जण काळजीनं, काही जण वाट बघत असल्यासारखे. संदेशचा फोन येई. "आत्या, दुकानवाला म्हणतो तोंड उघडून आत ढकलायचं. सोपं असतं. तुला तर काय, सवय आहे."

"आहे ना," सिस्टर म्हणत आणि फोन ठेवून देत.

त्यांची सवय काय होती ते मला त्यांनी एका दुपारी सांगितलं. वॉर्डात न खाणारी मुलं पुष्कळ येत. आई नसलेली, घाबरलेली, तापानं तोंड कडू झालेली. बाकीच्या सिस्टर मांडीवर दाबून, नाक धरून भरवत. ह्या वाटी समोर ठेवत आणि मुलाकडे पाठ करून बसत. हातात काहीतरी काम घेत, पट्ट्या गुंडाळायचं वगैरे. "बघत बसलं की पोर खात नाही. ते म्हणतं, हिला पाहिजे म्हणून खाऊ? पाठ केली की वाटी त्याची होते." थोड्या वेळानं चमचा वाजायचा. तो वाजला की मागे न वळणं हे सगळ्यात कठीण, असं त्या म्हणाल्या.

"आणि वाजलाच नाही तर?"

"एकदा नाही वाजला," त्या म्हणाल्या. "पाचेक वर्षांची पोरगी. डॉक्टरांना घाई, नातेवाईकांना घाई. मला नळी घालायला लावली. दोघींनी धरली तिला, आणि मी घातली. बरी झाली, घरी गेली धडधाकट. पण त्या दिवसानंतर तिनं माझ्याकडे बघितलं नाही. घरी जातानासुद्धा नाही." मग घड्याळ पदरानं पुसत म्हणाल्या, "घाई पेशंटला नसते रे. घाई नातेवाईकांना असते."

असं सगळं असूनही एक सकाळ अशी आली की त्यांनी ट्रे मांडला. पेशंट बारीक झाली होती. पाठीचा कणा कातडीखालून कागदाच्या घडीसारखा वर आला होता. वजनकाट्यावर ठेवली की सिस्टर आकडा बघत आणि काटा बंद करत, मला बघू देत नसत. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर स्वच्छ फडकं, त्यावर बारीक चिमटे, उकळून काढलेले. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"धर," त्या म्हणाल्या. "मी तोंड उघडते. तू फक्त धर. आणि काही बोलू नकोस."

मी तोवर तिला कधी हात लावला नव्हता. वाटलं होतं तशी ती ओली किंवा थंडगार नव्हती. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या जुन्या पुस्तकाच्या कातडी बांधणीसारखी लागली. सिस्टरनी हात जवळ आणला की ती मान आखडून घेई, पार माझ्या बाहीत शिरे. हात मागे गेला की पुन्हा बाहेर. माझ्या बोटांवरून जीभ आत-बाहेर, आत-बाहेर, अगदी निवांत. पुन्हा सिस्टरचा हात, पुन्हा बाहीत.

सिस्टर थांबल्या. "तुझ्या हाताला कसला वास आहे रे?"

"कसला नाही. जुन्या पुस्तकांचा असेल."

त्यांनी स्वतःचा हात नाकाशी नेला. मग चिमटा. मग ताटलीतला तो कोमट उंदीर उचलून नाकाशी नेला, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून न ऐकलेला एक आवाज आला, हसणं आणि कण्हणं यांच्या मधला. त्या खुर्चीत बसल्या.

त्या उंदीरसुद्धा धूत होत्या. कोमट पाण्यात त्या तपकिरी औषधाचं अर्धं बूच टाकून. बाहेरून आलेली वस्तू तशीच पेशंटच्या तोंडात कशी द्यायची? खोकं त्यानं पुसत होत्या, मडकं त्यात बुडवून काढत होत्या, पाण्याची वाटी त्यानं विसळत होत्या. इतकी वर्षं हातात मुरलेली गोष्ट, ती करतोय हेच त्यांना दिसलं नव्हतं. आणि मला तो वास इतका त्यांचा वाटे की मलाही तो आला नव्हता.

"वाचनालय," त्या म्हणाल्या, "मी हिला उंदीर वाढतच नव्हते रे. वॉर्ड वाढत होते. अख्खा वॉर्ड, बेडपॅनसकट."

ट्रे तसाच उचलून त्यांनी मोरीत नेला.

ही बाई त्या पोरीच्या नळीनंतर कुठल्या मोठ्या डॉक्टरांपुढे वाकली नव्हती, सेक्रेटरीपुढे नाही, सख्ख्या भावापुढे नाही. तिनं ती औषधाची बाटली उचलून माझ्या घरी आणून ठेवली. "घरात असली तर हात जाईल," म्हणाल्या. फरशी साध्या पाण्यानं पुसायला लागल्या आणि पुसून झाल्यावर तिच्याकडे अशा बघत, जणू ती अजून मळकीच आहे. हात डाळीच्या पिठानं चोळून गरम पाण्यानं धूत. कड्यांना हात लावताना बोटं आखडत. "घाणेरडी झालेय मी," असं हसत सांगत, पण त्यांना त्याचा खरोखर त्रास होई. रात्री झोप लागत नाही म्हणाल्या, घर अनोळखी वाटतं. मी बाटली परत आणू का विचारलं, तर त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं.

हळूहळू घराचा वास गेला. मग एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. खिडक्यांवर वॉर्डातली जुनी लाल कांबळी टांगली होती. नुसत्या गरम पाण्यात कोमट केलेला उंदीर त्यांनी मडक्याच्या तोंडाशी ठेवला, चादर खाली सोडली, आणि दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या.

"बस. पाठ कर."

"सिस्टर, तिला काय कळणार आपण बघतोय की नाही? चादर आहे ना वर."

"तिला नाही कळणार. मला कळेल. बस."

आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसलो. भिंतीवर एका बँकेचं कॅलेंडर होतं, त्यावर एक धबधबा. सिस्टर पट्टी गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. मला वाचायला काही आणलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. खालून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता, तोही थांबला. मागे काहीच नाही. मग भुशाची किंचित सळसळ. मग पुन्हा काही नाही, इतका वेळ की मला वाटलं ती आत गेली. आणि मग मडक्याला आतून काहीतरी जोरात आपटलं.

माझी मान वळायला लागली. सिस्टरनी न बघता माझा कान धरला. अक्षरशः कान, माझ्या वयाच्या माणसाचा.

"वळलास तर बघ."

त्यांच्या मांडीवरची पट्टी सुटून जमिनीवर घरंगळत गेली. कान त्यांनी सोडला नाही.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या, चादरीचा कोपरा उचलला आणि मला खूण केली. पेशंटनं उंदराला तीन वेढे घातले होते आणि जबडा त्याच्या डोक्यावर सावकाश पुढे सरकत होता. अजिबात घाई नव्हती. सिस्टरनी घड्याळात पाहिलं, चादर पुन्हा सोडली, पदर खोचला आणि गॅलरीत गेल्या. खाली जोगळेकर कुत्र्याला फिरवत होते.

"जोगळेकर!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या. "खाल्लं!"

पहिल्या मजल्यावरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. जोगळेकरांचा कुत्रा भुंकायला लागला. जोगळेकरांनी वर पाहिलं आणि, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, हात जोडले.

त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं गेलं, मेट्रन. नोकरीच्या पहिल्या दिवसांत एक मेट्रन होती, इस्पितळातल्या सगळ्या नर्सांची मुख्य, तिच्यापुढे सिस्टरचं काही म्हणजे काही चालायचं नाही. "त्यानंतर हीच," त्या म्हणाल्या. पुढे मेट्रन थंडीत जेवण सोडी, तेव्हा सिस्टर विचारणाऱ्यांना सांगत, "मेट्रनबाईंचा उपास आहे. तुम्ही करा काळजी, मी नाही करत." ती बाटली माझ्याकडेच राहिली. सभेतही तो विषय पुन्हा निघाला नाही.

मग काही वर्षांनी सिस्टर आजारी पडल्या, आणि तो आजार त्यांना डॉक्टरांच्या आधी कळला होता. इस्पितळात दाखल होताना त्यांनी घड्याळ तेवढं नेलं आणि मेट्रन माझ्या स्वाधीन केली. सरकारी नोंदीत मालकाचं नाव बदलण्याचं काय काय करायचं ते संदेशला आधीच सांगून ठेवलेलं. पेशंट म्हणून त्या भयंकर होत्या. सलाइन नीट लावली नाही म्हणून नर्सला ओरडत आणि मग तिलाच कुशीत घेऊन पोटाची चौकशी करत. पण त्यांनी खाणं थांबवलं. ताट येई तसं परत जाई. एक दिवस तरुण डॉक्टर पलंगाशी येऊन म्हणाला, "आजी, असं नाही चालणार. नाहीतर मग नळी घालावी लागेल."

"कुणाला विचारून?"

"तुमच्या भल्यासाठी, आजी."

"बाळा, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून घालतेय मी नळ्या. मला घालायची नाही. मी शुद्धीत आहे, आणि मी नाही म्हणतेय. जा, दुसरा पेशंट बघ."

बाहेर कॉरिडॉरमध्ये संदेश रडत होता. "काका, तुमचं ऐकते ती. सांगा ना तिला. नळी घालू दे. आपण असं नुसतं बघत बसायचं?"

"नाही," मी म्हणालो. "बघत बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी तांदळाची पेज केली. त्यांच्या घरातली त्यांची स्टीलची वाटी घेतली, ती नुसत्या गरम पाण्यानं धुतली, आणि पेज थर्मासमधून नेली. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी वाटीत पेज ओतली, तशी नाकपुडी हलली.

"वाटी कशानं धुतलीस?"

"गरम पाण्यानं. बाकी काही नाही."

"शिकलास," त्या म्हणाल्या. मग, "मेट्रन जेवली?"

"परवा जेवली."

"तू बघितलंस?"

"नाही. पाठ केली होती."

त्यांनी डोळे उघडले. पलंग जरा वर करायला लावला, उशी मागे सरकवायला लावली. वाटी त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवली, चमचा आत ठेवला.

"आता जा तिकडं," त्या म्हणाल्या. "पाठ कर."

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पलीकडे नॅशनल पार्कचे डोंगर होते, वर ऊन होतं, खाली सावली पडत चालली होती. मी हात मागे बांधले, मग सोडले, मग खिशात घातले. मागे काहीच आवाज नव्हता. डोंगरावरचं ऊन वर वर सरकत गेलं आणि शेवटी शेंड्यावरूनही गेलं. खोलीत कुणीतरी दिवा लावला. आणि मग चमचा वाटीला लागला. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा.

किती खाल्लं ते मला आजही माहीत नाही. बाहेर अंधारलं होतं, त्यामुळे काचेत खोली दिसायला लागली होती. पलंग, उशी, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ, तोंडाशी नेलेला चमचा. वाटीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या माझ्या पाठीकडे रोखून बघत होत्या, मी वळतोय की काय ते.

मी वळलो नाही.